डोळा, करंगळी, हाक

४, सोमवार

पोचलो. गाडी वेळेवर आली, जागा खिडकीची होती आणि शेजारचा माणूस मी उतरेपर्यंत झोपलेला होता. याहून चांगला प्रवास मी केलेला नाही. बंदुकांच्या दुकानात लागून दोनच महिने झाले, तरी मालकांनी या कामाला मला एकट्याला पाठवलं. एक रायफल, एक घर, आठ दिवस, राहणं-जेवण त्यांच्याकडेच. परवाना अजून त्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर असल्याने रायफल घराबाहेर नेता येत नाही. मालक म्हणाले, समजा सुट्टीच लागली.

घरच्या सूनबाई स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. त्यांनी मला लांबूनच ओळखलं. म्हणाल्या, पेटी इतकी जपून धरलीय की आत तान्हं मूल असावं. पेटीत माझी मापं, काटा आणि लाकडी हातोडी. मी त्यांना ताई म्हणायचं ठरवलं आहे.

त्यांचे सासरे मिस्त्री. गावाबाहेरच्या रायफल कारखान्यात एकतीस वर्षं बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारी सरकती दांडी, बसवायचं काम. निवृत्तीला कारखान्याने त्यांना त्यांनीच जुळवलेली रायफल भेट दिली, तीच मला तपासायची आहे. मला पाहताच मिस्त्रींनी माझं नाव ‘चष्मेवाले’ ठेवलं. परदेशी बंदूक असती तर तुम्ही आल्या आल्या हात जोडले असते, म्हणाले. देशी आहे म्हणून आधी चहा मागताय. चहा मी मागितला नव्हता, पण प्यायलो. ते कप डाव्या हाताने उचलतात. उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

काम पुढच्या खोलीत. खिडकीपाशी जड टेबल, पाय फरशीत पक्के केलेले. समोरच्या भिंतीवर बशीएवढा नवा गिलावा आहे, रंग थोडा फिका. पलंग मऊ आहे.

५, मंगळवार

रायफल पाहिली. खरं सांगायचं तर नाक मुरडायच्या तयारीनेच बसलो होतो. दस्त्याचं लाकूड साधं, पॉलिश घाईचं, स्क्रूच्या खाचा ओबडधोबड. एवढ्यावर गिऱ्हाईक देशी म्हणून तोंड फिरवतं. पण मग बोल्ट मागे ओढून पाहिला. लोण्यातून सुरी जावी तसा तो आला. बोल्ट, नळी आणि दस्ता, तिन्हींवर एकच क्रमांक. नळी आतून आरशासारखी. परदेशी रायफलच्या निम्म्या किमतीला ही विकली तर विकणारा वेडा.

हात लावण्याआधी मिस्त्रींनी कारखान्याचा नियम ऐकवला. बोल्ट उघडायचा. मग डोळा: चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथे, बघायचं. मग करंगळी: आत घालून चाचपायचं, कारण डोळा थकतो. मग हाक: मोठ्याने ‘रिकामी’ म्हणायचं, आणि खोलीतल्या दुसऱ्या माणसाने तेच परत म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय बोल्ट बंद करायचा नाही. या घरात दुसरं काही चालणार नाही, म्हणाले. मी हाक दिली, त्यांनी खुर्चीतून उत्तर दिलं. दोन म्हातारे भजनाला बसल्यासारखं वाटलं.

रायफलबरोबर एक पत्र्याची डबी आहे, तिच्यात चार जिवंत काडतुसं. मोजली, वहीत लिहिली, डबी माझ्या बॅगेत कुलपात ठेवली.

करंगळीच्या टोकाला मुंग्या आल्या आहेत. लोखंड गार होतं.

६, बुधवार

ताईंनी आज सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान खाली घालून, अगदी सपाट आवाजात.

दोन वर्षांपूर्वी, रविवारी सकाळी. मिस्त्रींनी रायफल पुसून याच टेबलावर लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती. बोल्ट बंद करून ते दस्त्याच्या टोकावर हातोडी मारून बघत होते. बसवलेला बोल्ट धक्क्याने सुटत नाही ना, हे तपासायची कारखान्याची पद्धत. ताईंचे यजमान समोर भिंतीला लागून खुर्चीवर बसून बूट घालत होते. रायफल सुटली. ते खुर्चीतच गेले. कोर्टाने अपघात म्हटलं. रायफल मागच्या महिन्यात परत मिळाली.

भरलेली राहिली ही चूक दोघांची, ताई म्हणाल्या. ह्यांनीही न बघता ‘रिकामी’ म्हटलं असणार. ते मी गिळलंय. पण बोट चापावर नव्हतं, असं सासरे शपथेवर सांगतात. मग बंदूक आपसूक सुटली. ती आपसूक सुटते का, एवढंच मला सांगा. सुटत असेल तर मी सासऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळीन. नसेल तर ते दोन वर्षं माझ्या तोंडावर खोटं बोलतायत. मग मी भावाकडे जाते.

ट्रंक ओसरीत भरून ठेवली आहे. दोरी अजून बांधलेली नाही. त्या गेल्या की मिस्त्रींना पाणी द्यायलाही कुणी नाही.

मिस्त्रींना हे माहीत आहे. तरी जेवताना म्हणाले, माझ्या हातच्या बंदुकीत खोट काढून दाखवा, चष्मेवाले, मिशा उतरवतो. त्यांना मिशा नाहीत. ताई हसल्या नाहीत.

७, गुरुवार

आमच्या दुकानाची पद्धत अशी: शंभर ठोके. रोज पंचवीस, काही सकाळच्या गारव्यात, काही दुपारच्या उन्हात, कारण थंड पोलाद आणि तापलेलं पोलाद सारखं वागत नाही. रायफल ठोकळ्यांवर, उजवा हात मुठीवर, बोट चापापासून लांब सरळ, डाव्या हाताने हातोडी. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, सुटली तर खट् असा आवाज येतो. प्रत्येक ठोक्याआधी डोळा, करंगळी, हाक, उत्तर.

आज पंचवीस झाले. एकदाही सुटली नाही. चाप ज्या दाताने पिन अडवून धरतो तो दात भिंगाखाली पाहिला. धार शाबूत.

ताई दारात उभ्या राहून मोजत होत्या.

करंगळी बधिर आहे. सुई टोचून पाहिली. रक्त आलं, बाकी काही नाही.

८, शुक्रवार

पन्नास. सुटत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. अडतिसाव्या ठोक्याच्या वेळी मी हाक दिली, ‘रिकामी’ असं उत्तर आलं, मी ठोका मारला. मग वळून पाहिलं. मिस्त्री झोपलेले होते, तोंड उघडं, घोरत होते. ताई मागे कपडे वाळत घालत होत्या, खिडकीतून दिसत होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं.

म्हातारा झोपेत बोलला असेल. एकतीस वर्षांची सवय. त्यानंतर त्यांना जागं ठेवलं. ते चिडले. म्हणाले, तुम्ही तर आमच्या फोरमनचे बाप.

अनामिकाही गेली. जेवताना घास सुटला. आता डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लहान पोराचं येतंय.

९, शनिवार

पंच्याहत्तर. सुटत नाही.

आज दोनदा उत्तर आधी आलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. दोन्ही वेळा मिस्त्री जागे होते, माझ्याकडेच बघत होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते. आवाज टेबलाजवळून आला, अगदी साधा, कामावरच्या माणसाचा. पहिल्यांदा अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा नाही. दुसऱ्यांदा मी सरळ बोल्ट बंद केला. बंद केल्यावर लक्षात आलं की डोळा लावलाच नव्हता. उघडून पाहिलं. रिकामी होती.

मिस्त्रींनी ताईंना वाण्याकडे पाठवलं आणि माझ्याजवळ खुर्ची ओढली. म्हणाले, खोट आहे असं लिहा. मी म्हटलं, काका, मिशांचं काय झालं. ते म्हणाले, त्या दिवशी मी हाक दिलीच नव्हती. उत्तर आधीच आलं. मला वाटलं, पोरगा म्हणाला. पण पोराच्या दातांत बुटाची नाडी होती, तो गाठ सोडवत होता. दातांत नाडी धरून माणूस बोलेल कसा.

मी विचारलं, बोट कुठे होतं. त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढे धरला, मेणासारखा पांढरा. लांब होतं, म्हणाले. मला तर लांबच वाटत होतं.

मी म्हटलं, जे आहे तेच लिहीन. दुसरं काय म्हणणार होतो. अहवालावर सही माझी असते.

१०, रविवार

डबीत तीन काडतुसं. कुलूप तसंच, किल्ली गळ्यात.

बॅग झाडली, पलंग हलवला, खिसे उलटे केले. ताईंनाही विचारलं. त्यांनी कपाटं, केराचा डबा, मोरी, सगळं पाहिलं. मालकांना फोन केला. ते म्हणाले, तुमचीच मोजणी चुकली असेल, उरलेले ठोके उरका आणि या. वहीत चार लिहिलं आहे. माझंच अक्षर, चांगल्या हाताचं.

मिस्त्रींना छातीत दुखलं. शेजारचे त्यांना दवाखान्यात घेऊन गेले, तिथे ठेवून घेतलंय. जाताना माझी बाही धरून म्हणाले, टेबलाला हात लावू नका. ताईंना ऐकू गेलं. त्यांना ती तपासणी पुरी होऊ नये म्हणून चाललेली धडपड वाटली.

निघून जावं. गाडी दुपारी आहे. पण पंच्याहत्तर ठोक्यांवर सही होत नाही, आणि ताई विचारतील, तर काय सांगू. आवाज येतो म्हणून?

हात मनगटापर्यंत गेला. भीती वाटायला हवी. सकाळी वाटत होती बहुतेक.

११, सोमवार, सकाळ

शहाण्णव. सुटत नाही. उत्तर देणारं खोलीत कुणी नाही. उत्तर दर वेळी येतं. मी हाक देणं थांबवलं आहे.

ताईंनी ट्रंकेला दोरी बांधली.

दुपार

नव्व्याण्णव.

शेवटचा मला डोळ्यांनी बघायचाय, ताई म्हणाल्या. खुर्ची ओढून फिक्या गिलाव्याखाली ठेवली आणि बसल्या. मी म्हटलं, तिथे नको. त्या म्हणाल्या, रिकामी आहे ना, मग झालं तर. हे जिथे बसले होते तिथूनच बघते.

नीट करायचं. एकेक पायरी करायची आणि लगेच लिहायची.

डोळा. पाहिलं. आत अंधार. पितळ असतं तर चमकलं असतं. चमकलं नाही. नसावं.

करंगळी. घातली. किती आत गेली — कळत नाही. कशाला लागली का — कळत नाही.

हाक. द्यायची आहे. आधी हे लिहितो —

उत्तर आलं.

ताईंनाही ऐकू आलं. त्या म्हणतात, हे बोलले. हसतायत. आठ दिवसांत पहिल्यांदा —

बोल्ट बंद आहे. मी केला नाही. केला असेन.

उठा म्हणतोय. त्या उठत नाहीत — ऐकतायत, अजून एकदा बोलतील म्हणून.

हातोडी खाली आहे. लांब. मग काही होणार नाही. हातोडीशिवाय ती सुटत नाही, नव्व्याण्णव वेळा —

उजवा हात मुठीवरच आहे. सोडवत नाही. वही मध्ये आली आहे, बोटं दिसत नाहीत. बोट चापावर नाही. लांब आहे. मला तर लांबच वाट