आरशात धरलेलं चित्र

आईला, धाकटीचा इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, दोन्ही वेळ नीट जेवते. उगीच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. गुडघा कसा आहे? दादा येऊन जातो ना?

खोलीची भिंत ओकीबोकी दिसत होती, म्हणून एक छापचित्र घेतलं. दुकानातल्या बाईंनी आधी माझी शिकवणीच घेतली. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरतात, त्यांत शाई भरतात आणि वर ओला कागद दाबतात. कडेला पत्र्याचा दाब बोटाला लागला, की छाप अस्सल. माझ्या चित्राला लागतो. फसले नाही हो!

कागदावर सगळं उलटं उमटतं, म्हणून पत्र्यावर आधीच उलटं कोरायचं असतं. "हा चित्रकार मात्र विसरला," बाई म्हणाल्या. "समोर दिसलं तसंच कोरत गेला."

घरी आल्यावर गंमत म्हणून मी ते आरशासमोर धरलं. आई, ती आपली बाहेरची खोली आहे. कपाटाच्या तुटक्या मुठीला तू बांधलेली नाडीसुद्धा आहे. खुर्चीत तू झोपली आहेस, आणि मागून आलेला एक हात तुझ्या डोक्यावर आहे.

योगायोग असेल. पण तूच लिहिलं होतंस ना, हल्ली खुर्चीत बसलं की लगेच डोळा लागतो, कुणी केसांतून हात फिरवल्यासारखं वाटतं?

खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. मागे कुणाला उभं राहता येईल एवढी जागा ठेवू नकोस.

तुझीच,
धाकटी

ता. क. आत्ता पुन्हा नीट पाहिलं. चित्रात खुर्ची भिंतीला टेकलेलीच आहे. तू आजच दादाकडे जा.