एका खिडकीचं घर आणि दोन डेव्हिड

डंडी, मंगळवार

ती. युफेमियाताईस,

धाकट्या अलिकचा वाकून (कंबर वाकेल तितका) नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का? आर्ब्रोथच्या वाऱ्यात कान बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. माझ्या छातीत धडधडतं; डॉक्टर चहाला दोष देतो (दिवसाला जेमतेम नऊ कप).

तर आपल्या पणजोबांच्या थडग्याबद्दल. तिथे एकाचीच जागा उरली आहे आणि माझी बायको नेटी आठ वर्षांपासून तिथे आहे. नव्या वर्षाच्या जेवणात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "अलिक, थोरल्याची शाखा तुझी असेल तर कागद दाखव आणि जागा घे." माझे आजोबा डेव्हिड थोरले आणि तुझे जेम्स धाकटे, हे आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत. पण कागद कुठला आणायचा? म्हणून ग्रंथालयात जाऊन जुनी जनगणना काढली. ती काचेच्या पडद्यावर दिसते आणि चाक फिरवलं की गल्ल्याच्या गल्ल्या पळत सुटतात. मला घेरी आली. तिथल्या मिसेस रॅटरे म्हणाल्या, "काका, हळू फिरवा, तुमचे पणजोबा खाली पडतील!" (बाई तोंडाळ आहे, पण खुर्चीला उशी आणून दिली.)

चौथ्या दिवशी १८६१च्या पानावर घर सापडलं. पणजोबा तागाच्या गिरणीत, पणजीही गिरणीत. खिडकी असलेल्या खोल्या : एक. माणसं सात, वर एक भाडेकरू. (तो कुठे झोपत असेल या विचारात माझी एक सकाळ गेली. सरकारने खिडक्या मोजल्या, पलंग मोजले नाहीत.) आणि त्यात डेव्हिड, वय चार, जेम्स, वय दोन! मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचा गृहस्थ पेपर घेऊन दुसऱ्या टेबलावर गेला.

तिथेच उठायला हवं होतं. पण मला प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघायची सवय. १८७१ काढलं. जेम्स, बारा. बरोबर. डेव्हिड, नऊ. आता चार वर्षांचा मुलगा दहा वर्षांत नऊचा कसा होईल? मी म्हटलं, लिहिणारा कारकून प्यायलेला होता. मिसेस रॅटरे म्हणाल्या, "काका, पहिला डेव्हिड गेला असणार. पोरांच्या आजोबांचं नाव घरात राहायला हवं, म्हणून पुढच्या मुलाला तेच दिलं. तुमचे आजोबा हे दुसरे." मी त्यांना म्हटलं, तुम्ही आमच्या घरातल्या आहात की काय! मग मृत्यूची नोंद निघाली. गोवर, वय पाच. त्या पोराचं नाव दगडावरसुद्धा नाही, ताई. मी चहा न पिताच घरी आलो.

असो. १८६१च्या पानाची नक्कल सोबत आहे. तेवढी पुरेशी वाटावी.

तुझा चुलत भाऊ,
अलिक सूटर

ता. क. १८७१चं पान जोडलेलं नाही.

ता. क. दुसरा : जोडलं आहे. त्यासाठी चिकटवलेलं पाकीट फोडावं लागलं, म्हणून ते असं दिसतं.

ता. क. तिसरा : म्हणजे जागा तुझी. पण तिथे पेट्या एकावर एक ठेवतात आणि सगळ्यांत वर नेटी आहे. तू गेलीस की थेट तिच्यावर. हयातीत तुम्ही दोघी एका स्वयंपाकघरात दहा मिनिटं टिकला नाहीत. मला तिची सवय आहे. काय ते कळव.