पडवीतला चाळीसचा बल्ब

१ डिसेंबर २००५, सकाळ
ठरलं. क्लासमध्ये ऊर्जा बचतीवर भाषण माझं, चौदा तारखेला. काल जोशात दीडशे पोरांना सांगून बसलो, फिजिक्स मी नुसतं शिकवत नाही, घरात वापरतो. आमचं मीटर निम्म्यावर आणून दाखवतो. टाळ्या! आता माघार नाही.

२ डिसेंबर
रोजचे चार युनिट. रीडिंग सुकन्या घेणार. (आमची कन्या, बारावी.) आज फक्त दोन! सुकन्या म्हणते, बाबा, दिवसभर लाईनच नव्हती. असेना. सुरुवात चांगली झाली.

४ डिसेंबर
फ्रिज दोन दिवस बंद. दूध नासलं, पुन्हा लावला. जगदेवीने काळ्या चहाचा कप पुढ्यात आदळला. बायकोची साथ नसली की असं होतं. इस्त्रीही बंद, शर्ट गादीखाली. वर्गात मागचा बाक हसला. शर्टाला हसला नसावा.

६ डिसेंबर
सापडलं मूळ! पडवीतला चाळीसचा बल्ब. भूकंपापासून बारा वर्षं रात्रभर जळून राहिलाय. लावला मी, पण जगदेवीसाठी. लई भित्री. पळायची वेळ आली तर दार दिसावं म्हणून. महिन्याला बारा युनिट! आजपासून बंद. तिला म्हटलं, घाबरू नको, मी हाय. ती म्हणाली, बघा बाई, तुमचं तुम्ही.

७ डिसेंबर
झोप नाही. डास.

८ डिसेंबर
झोप नाही. पित्त. रात्री भांडं पडलं तेव्हा मी अंगणात उभा होतो ते मांजर बघायला.

९ डिसेंबर
वर्गात न्यूटनचा तिसरा नियम दुसरा म्हणून सांगितला. पोरींनी दुरुस्त केला.

१० डिसेंबर
बल्ब बंद, तरी युनिट तेवढेच, चार! शेजारच्या गुलाम रसूल वायरमनला बोलावलं, म्हटलं, मीटर पळून राहिलंय. त्याने तासभर तपासलं. म्हणाला, मास्तर, मीटर एकदम बराबर हाय. बल्ब आधी जळतच नसंल तर लाईन वाचंल कुठून? म्हटलं, वेडा का काय, रात्रभर जळायचा. तो नुसता जगदेवीकडे बघत राहिला.

११ डिसेंबर
विचारलं. जगदेवी भाकरी थापता थापताच म्हणाली, तुम्ही घोरायला लागले की मी बंद करते, पाचला उठले की लावते. उजेडात मला झोप येत न्हाई.
बारा वर्षं?
हाव.
आणि मी मध्येच जागा झालो तर?
तर म्हणता, लाईन गेली वाटतं, आन् झोपता परत.
वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. भूकंपाच्या त्या पहाटे मी एकटाच पळत अंगणात आलो होतो. ती सुकन्याला कडेवर घेऊन मागून आली. तिने कधी विषय काढला नाही. लाज वाटली.

१४ डिसेंबर
भाषण झालं. पोरांनी घरचे युनिट विचारले. घसा बसल्याची खूण केली.

१५ डिसेंबर, सकाळ
बल्ब पुन्हा चालू. मी घोरलो की बंद कर, पूर्वीसारखंच, असं तिला सांगितलं. पण आता मला माहीत झालंय ना! ती बटणाकडे निघाली की माझे डोळे टक्क उघडे. काल तीनदा उठली. तिसऱ्यांदा म्हणाली, ऱ्हाऊ द्या, जळू द्या, आणि तोंडावर पदर घेऊन पडली.
बारा वर्षांत बल्ब पहिल्यांदाच रात्रभर जळला. मला छान झोप लागली.
सुकन्याने रीडिंग लिहून ठेवलंय. सव्वाचार.