घरातलं एक माणूस

८ नोव्हेंबर, शनिवार
काष्टीच्या बाजारात आज अब्रू गेली. उभा जन्म गुरांची दलाली केली. उपरण्याखाली हात धरून बोटांवर भाव ठरवायचा, कधी बोट चुकलं नाही. आज बैलाच्या मालकाने चार बोटं दाबली, मला तीनच लागली. तीनवर गिऱ्हाइकाच्या हातावर टाळी देऊन मोकळा झालो. मालकाने दावं हिसकलं. "दलाल हाय का म्हसोबा? चार धरली हुती मी!" बाजार गोळा झाला. भानुदासची तर दिवाळीच. तोही दलाल, माझ्या वाईटावर टपलेला. म्हणाला, "आप्पाची बोटं मेली रं." खरं बोलला हरामखोर. केमोने बोटांची टोकं मेलीत. डॉ. म्हणाले होते, मुंग्या येतील. मुंग्यासुद्धा नाहीत.

बाजारात मुतखडा म्हणून सांगितलंय. कॅन्सर फक्त घरात माहीत. केस गेले ते टोपीखाली झाकले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
नगर, हॉस्पिटल. ऑप. २७ ला. मूत्राशय सगळंच काढणार. आतड्याचा तुकडा घेऊन त्याचं तोंड पोटातून बाहेर काढायचं, त्यावर पिशवी चिकटवायची. लघवी तिच्यात. जन्मभर.
अर्धं ठेवता येईल का विचारलं.
"आप्पा, इथं घासाघीस नाही."
"आणि नाही काढलं तर?"
"तर पसरेल. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."
डॉ. पोरगेलासा, मान बारीक. असला गोऱ्हा मी औताला धरू दिला नसता. हा माझं पोट फाडणार.

मग सिस्टर. बसा, वाका, उभे राहा, चाला. बेंबीच्या उजवीकडे पेनाने फुली मारली. मी जनावराच्या पाठीवर रंग मारतो तशी. सरावासाठी पिशवी दिली, पाणी भरून. मला लावायला सांगितली. मागचा कागदच सुटेना. बोटांना कागद लागतच नाही तर सुटणार कसा. सिस्टर बघत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्हाला एकट्याला जमणार नाही. २६ ला भरती होताना घरातलं एक माणूस आणा. ते शिकल्याशिवाय मी घरी सोडणार नाही."
घरातलं एक माणूस. किती सोपं वाटतं ऐकायला.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सौ.ला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाई करनार."
मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.
"तुमच्या आईचं अंथरुनातलं मी काढलं. वरसानुवरसं. हाताचा वास जात न्हवता. भाकरी खाताना डोळं मिटून खायची मी. ती गेली तवाच ठरवलं, आता कुनाचंच न्हाई. पोटच्या पोराचं बी न्हाई."
"मी मेलो तर चालंल?"
"मरा असं कुठं म्हनले? करनार न्हाई म्हनले."
आणि पुन्हा तांदूळ.
एवढं होतं तर तेव्हा बोलायचं होतं. तेव्हा भावकीकडून कौतुक करून घेतलं, अशी सून मिळायला भाग्य लागतं म्हणून. दिवसभर तोंडाला येईल ते बोललो तिला. तिचं खोटं काहीच नाही, म्हणून राग जास्त आला.

१६ नोव्हेंबर, रविवार
पोराला, संदीपला सुट्टी. सुप्याच्या कारखान्यात मशीनवर असतो, सहा फूट, मांड्या खांबासारख्या. त्याला म्हणालो, तू शिक. सिस्टरने मोबाईलवर फोटो पाठवलेत, ऑप. झालेल्या माणसाच्या पोटाचे. लाल, ओलं तोंड, बाहेर आलेलं. पोराने बघितलं, घाम फुटला. मोरीत जाऊन भडाभडा ओकला. आल्यावर म्हणतो, "आप्पा, मानूस ठिवू आपन. पगारी."
पगारी माणूस दिवसा येईल. रात्री पिशवी सुटली की काय बोंबलू?
बाहेरून खोंड, आतून शेळी. एवढी वर्षं जनावरं पारखली, घरातलं पारखता आलं नाही. त्याच्या बायकोसमोरच म्हणालो हे. तो खाली मान घालून बसला. आवडलं मला.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी चहा ठेवताना सारिका, सून, दाराआडून बोलली. "आप्पा, मी शिकते."
लाज वाटायला हवी म्हणालो. घराण्याचं काही शिकवलं की नाही आईबापाने. सासऱ्याचं बेंबीखालचं अंग बघायला निघालीय. आणखीही बोललो, ते इथे लिहीत नाही. तिच्यासमोर मी बनियनवर कधी बसलो नाही. माझ्यापुढे तिचा डोक्यावरचा पदर कधी पडला नाही.
ती रडली नाही. चहा गाळून दिला. साखर विसरली की मुद्दाम, कळलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
दोनदा लघवीतून रक्त. गाठीच पडल्या. घाबरलो. हे कुणाला सांगणार नाही.
सारिका सरावाची पिशवी घेऊन पुन्हा आली. म्हणाली, "वर कापड टाका. मी खालून लावते, बघनार न्हाई." मी खाटेवर आडवा झालो. उपरणं पसरलं. तोंड भिंतीकडे. तिनेही तोंड फिरवलेलं असणार, कारण हात आधी माझ्या बरगडीला लागला. गार हात. दोघं श्वास धरून. फुली सोडून चार बोटं खाली, तीही अर्धवटच चिकटली पिशवी, उठलो तर सगळं पाणी लेंग्यात. पोर घाबरून "चुकलं, चुकलं" करत फरशी पुसायला लागली. आपण मुतलोय आणि सून पुसतेय. पाणी होतं ते, पण दिसायला तेच.
सिस्टरला फोन केला. चिडली. "बघावंच लागतं, आप्पा. कातडी लाल झाली, रंग बदलला, हे न बघता कळणार कसं? कापडाखाली हा धंदा होत नाही."

२२ नोव्हेंबर, शनिवार
बाजाराला गेलो नाही. भानुदासच घरी आला. बघायला. मुतखड्याचं ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाला, "माझ्या साडूला बी असाच मुतखडा हुता. पिशवी लावून फिरतो आता." त्याला सगळं कळलंय. दारात चपला घालताना त्याचे डोळे ओले होते, ते जास्त झोंबलं. शिव्या देऊन गेला असता तर जेवण तरी घशाखाली गेलं असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
ठरवलं. जाणार नाही. जेवताना सगळ्यांना सांगितलं. जेवढं जगायचं तेवढं अख्ख्या अंगाने जगू.
सौ. वाढत होती, वाढतच राहिली. म्हणाली, "नका जाऊ. मेल्यावर आंगुळ घालताना सगळी भावकी बघनार हाय तुमाला. उघडंनागडं. तवा लाजनार हाय का? का तवा बी म्हननार, कापड टाका?"
सारिकाने तोंडाला पदर लावला. हसली असावी. मलाच हसू आलं, घास अडकला, खोकताना पुन्हा लेंगा ओला झाला. हे पाणी नव्हतं. सगळ्यांनी बघितलं आणि कुणीच बघितलं नाही असं केलं. सौ. उठली, कोरडा लेंगा लांबून माझ्याकडे फेकला. तेवढंच करते ती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
उद्या सकाळी गाडी सांगितलीय. संदीपने, मला न विचारता. रिपोर्टची फाईल, चादर, थर्मास दारात ठेवलंय. त्याच्या शेजारी सारिकाची बॅग. निळी, माहेराहून आणलेली. तिला येऊ नको म्हणालो. मान डोलावली तिने.
बॅग उचलून मी आत नेऊन ठेवली. जेवून येतो तर परत दारात. पुन्हा आत ठेवली. उचलताना पोटात कळ आली, भिंत धरून उभा राहिलो. सौ. चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "बसा आता."
बसलोय. इथून दार दिसतं. बॅग पुन्हा बाहेर आलीय. कुणी ठेवली ते बघितलं नाही. मी हो म्हणालेलो नाही. उठायचा मात्र कंटाळा आलाय.