पाण्याखालचं नाक

४ मार्च
भांडी घासताना डाव पाण्यातून ओढला आणि हे आठवले. लग्नानंतरचं पहिलं घर, ओट्यापाशी दोघं जेमतेम मावायचो. हे जहाजावरचे इंजिनीअर, सुट्टीवर आलेले — कोपरापर्यंत साबण! टबातून डाव एकदा कडेच्या बाजूने ओढला, एकदा गोल पाठीच्या बाजूने. "बघ, इथे पाणी कुरकुरतं, इथे गप्प बसतं." मी तेव्हा जहाजांचे आराखडे काढायला नुकती लागले होते. नवरा जहाजावर, बायको कागदावर. जन्मात एकदाही मी जहाजाने गेले नाही. आधी लेक लहान, मग सासूबाई अंथरुणावर, मग हेच गेले.

६ मार्च
एका मालवाहू जहाजाच्या मालकाची तक्रार — तेल फार पितं. साहेब (लेकीहून लहान!) म्हणाले, इंजिन बदलायला सांगू. मी म्हटलं, आधी नाक बघू.

जहाजाच्या पुढे, पाण्याखाली, ते फुगीर नाक असतं. ते स्वतःची लाट उठवून जहाजाची लाट मारतं. पण ठरलेल्या वेगालाच, आणि जहाज भरलेलं असेल तरच. हे जहाज तेल वाचवायला संथ जातं, परतताना अर्धं रिकामं. मग तेच नाक अर्धं वर येऊन पाणी नुसतं ढकलत बसतं. आम्ही सगळे चाचणी घेतो ती करारात लिहिलेल्या वेगाला. जहाज खरं कसं चालतं, ते कोण विचारतो?

साहेब हसले. "बाई, निवृत्ती तोंडावर आलीय. आता कुणाचं नाक कापताय?"

१९ मार्च
हौदात मेणाचं मॉडेल ओढलं, संथ वेगाला. जुन्या नाकापुढे फेसच फेस. मग माझं — लहान, निमुळतं, खाली झुकलेलं. पाणी गप्प! साहेबांनी आकडे पुन्हा काढायला लावले. शेवटी प्रस्ताव गेला, पण खाली सही एकटीची. फसलं तर चाळीस वर्षांचं काम विसरतील, एवढं नाक लक्षात ठेवतील.

११ जून
मी निवृत्त. तिकडे गोदीत आज जुनं नाक कापलं. जेवण गेलं नाही.

२७ ऑगस्ट
साहेब स्वतः घरी आले, जिना चढून धापा टाकत. पाणीसुद्धा घेतलं नाही. तोच मार्ग, तेवढाच माल — जिथे दहा टन तेल जळायचं तिथे आता नऊ! मालकाला उरलेल्या जहाजांनाही तसंच नाक हवंय. "बाई, मी इंजिन बदलायला निघालो होतो," म्हणाले, आणि खाली वाकून पाया पडले. वेडा मुलगा.

शाळेतल्या सिस्टर नाक वर करून चालणाऱ्या मुलींना वर्गाबाहेर उभं करायच्या. आज दिवसभर मी तशीच चालले. माफ करा, सिस्टर!

२ सप्टेंबर
सगळं वाटून टाकलं. मेणाचं नाक साहेबांना. टेबलावर ठेवावं, कपाटात नाही. आराखड्यांच्या वक्रपट्ट्या नातीला. कुंड्या शेजारच्या वहिनींना — पाणी रोज, लाड नकोत. ह्यांचा लोकरी कोट जावयांना, बाह्या आखूड करून. घराची किल्ली लेकीला. तिने रडायचं नाही.

डाव कुणालाच नाही. तो माझ्या बॅगेत आहे. कप्तानांनी बोलावलंय — तुमचं नाक चालतं कसं, ते बघायला या. जहाज उद्या सकाळी सुटतं. खोली मागून घेतली ती इंजिनीअरच्या शेजारची.