आईबापाचा रकाना

सोमवार, ३
तर सगळ्यात आधी टपकल्या त्या विहीणबाई! मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच विचारतात, किती दिवस मुक्काम? म्हटलं, कायमचा. तोंड बघण्यासारखं झालं! मग नात धावत आली. चार वर्षांची ठकी, आजवर फोनवरच ऐकलेली. केस सारखे डोळ्यांवर. थेट कुशीत शिरली बाई माझ्या.

मुलगा इथं मासे सांभाळतो. घराला लागूनच टाक्या. मासे कसले, इस्त्री फिरवल्यासारखे चपटे! लहानपणी सरळ असतात, मग एक डोळा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेजारी जातो आणि मासा जन्माचा कुशीवर आडवा. एका जातीचे सगळे एकाच कुशीवर पडतात म्हणे. यांचे मात्र काही डावे, काही उजवे. अंडी कुठून आली, कुणालाच ठाऊक नाही. म्हटलं, बरंय, सोयरिकीची कटकट नाही!

बुधवार, ५
मासेखात्याचे दोन तपासनीस टाक्या बघायला आले. मुलगा-सून बाहेर, म्हणून मीच बसवलं. चौथी शिकलेली मी, पण माशांचा अर्ज भरला! आईबापाचा रकाना कोराच ठेवला. घरात लहान कोण, विचारलं त्यांनी. मुलगा फोनवर थट्टेनं म्हणायचा, पोर टाकीतून काढलीय. तेच सांगितलं आणि हसले. ते हसले नाहीत. माझ्याकडून लिहून घेतलं : एक मादी, टाकीतली. खाली माझी सही. काय वळणदार आली!

शनिवार, ८
सून बोलत नाही. विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या जिभेला हाड नाही. मुलगा म्हणतो, ज्याचं मूळ लागत नाही ते ठेवत नाहीत, नियम आहे. माशांचंच ना रे, विचारलं. तो बूट घालत राहिला.

सोमवार, १०
ठकी चौकटीच्या चादरीवर झोपली होती. उठली तर पाठीवर चौकटी. घासल्या. जात नाहीत. केस बाजूला केले — डावा डोळा नाकाच्या पलीकडे —

मंगळवार, ११
सून बोलली. थट्टा नव्हती ती. चार वर्षं लपवलं होतं पोरीला — बाहेरच्या सगळ्यांपासून. घरातल्यांत फक्त मलाच सांगायचं राहिलं —

बुधवार, १२
तपासनिसांना फोन केला. अर्ज परत द्या म्हटलं. गोड बोलले. सही तुमचीच ना, आजी? जाळं घेऊन येतो म्हणाले.
आई — माझी सून. बाप — माझा मुलगा. आता लिहिते ना मी, घ्या ना —
ठकी कुठंय? पलंग रिकामा — नाही, चादरीची एक चौकट हलली —
गुरुवारी येणार म्हणालेत. गुरुवारी, म्हणजे उ—