झुंबरचं पाऊल आणि समितीचा बूट

सामरवरणी, सिल्वासा
२३ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दाजींना धाकटा मेहुणा जयवंत याचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? आक्काचा खोकला थांबला का? म्हशीचं काय झालं? (आक्काने फोनवर म्हशीबद्दल पाऊण तास सांगितलं, पण नेमकी शेवटी रेंज गेली. म्हैस व्याली की विकली, एवढं तरी कळवा.) इकडे सगळे खुशाल आहेत. सुप्रियाने आणि पोरींनी नमस्कार सांगितलाय. फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण फोनवर तुम्ही "हां, हां, बरं" म्हणता आणि फोन आक्काच्या हातात देता. पत्राचं तसं करता येत नाही. शिवाय बातमी एवढी मोठी आहे की फोनवर मावायची नाही.

दाजी, आमचं पाऊल पास झालं!

आता नीट सांगतो. एकोणीस वर्षं मी धाग्याच्या कंपनीत फिटर होतो हे तुम्हाला माहीत आहेच. दीड वर्षापूर्वी इथल्या विद्यापीठाच्या बायोइंजिनिअरिंग संशोधन केंद्रात लागलो, तेव्हा तिथे नक्की काय चालतं हे मलाही माहीत नव्हतं. (मी गावात 'दवाखान्यासारखं कॉलेज' असं सांगितलं होतं. ते चूक होतं.) तिथे शरीराला लागणाऱ्या वस्तू बनवतात. आमच्या प्रमुख मंजुषा मॅडम पुण्याच्या. त्यांनी ठरवलं की गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसासाठी असं पाऊल करायचं, जे घालून शेतात जाता येईल. गुळगुळीत फरशीवर चालणारी पावलं जगात पुष्कळ आहेत. पण चिखलात घातलं की चिखल ते धरून ठेवतो, माणूस पुढे जातो आणि पाऊल मागे राहतं. मॅडमचं म्हणणं, आपली माणसं काय फरशीवर पेरणी करतात का?

माझं काम म्हणजे तिथलं चालण्याचं यंत्र सांभाळणं. त्या यंत्राला पाऊल लावायचं आणि ते बिचारं एकाच जागी तीस लाख वेळा चालतं. असा प्रवास तुमच्या गावच्या बसलासुद्धा घडला नसेल. मार्च महिन्यात, सव्वीस लाखांच्या आसपास, त्यातून करकर असा आवाज यायला लागला. झालं, सगळ्या साहेब लोकांनी लॅपटॉप उघडले. नाशिकचा मयूर म्हणून एक पीएच.डी. करणारा आहे, फार हुशार, पण लवकर रडवेला होतो. तो म्हणाला, "जयवंतकाका, पाऊल तडकलं. माझी तीन वर्षं गेली." मी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक यंत्राला लावलं, मूठ कानाला लावली. कंपनीत रोज हेच करायचो. पाऊल ठणठणीत होतं, यंत्राचं बेअरिंग गेलं होतं. बेअरिंग बदललं, आवाज बंद. त्या दिवसापासून मयूर कुठल्याही गोष्टीला स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकतो. परवा डब्यातल्या भाकरीला लावत होता. (हा थापा मारतोय असं आक्का म्हणेल. भाकरीचं खोटं आहे, बाकी खरं.)

पण खरा घोळ मोज्याचा झाला. उरलेला पाय आणि नकली पाय यांच्यामध्ये एक मोजा असतो. बाहेरून आणलेला मोजा आपल्याकडच्या घामाने चिंब व्हायचा, मग पाय आत सरकायचा आणि फोड यायचे. मी एकदा जेवताना सहज बोलून गेलो की मॅडम, एवढं सिल्वासा धागा बनवतं, आपण मोजा बाहेरून कशाला आणतो? माझं तोंड हे असं आहे. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोजे विणायचं एक जुनं हातमशीन माझ्यासमोर आणून ठेवलं. पहिला मोजा विणला तो हत्तीला झाला असता. दुसरा धुतल्यावर एवढा आटला की धाकटीने बाहुलीला घातला. असे सतरा वाया गेले. कंपनीतल्या जुन्या सोबत्यांना विचारून विचारून, पीळ दिलेला धागा वेगवेगळ्या ताणाने विणून पाहिला, आणि अठरावा मोजा बसला. घाम बाहेर फेकतो आणि घट्टही धरतो. मॅडमनी तो गालाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, "जयवंत, याच्यावर तुमचं नाव जाणार." मी दिवसभर मशीनला तेल घालत बसलो. कोणाकडे पाहिलं असतं तर मयूरसारखं झालं असतं.

मग या महिन्याच्या बारा तारखेला दिल्लीहून पाच जणांची समिती आली. त्यांनी हो म्हटलं तर पुढचा टप्पा, नाही म्हटलं तर सगळं कपाटात. चालून दाखवणार होता झुंबर. हा आपल्या धरणगावकडचा, इकडे कारखान्यात लोडिंगला होता. दोन वर्षांपूर्वी टेंपोने पाय गेला, तेव्हापासून जवळच्या अथाल गावातल्या खोलीत बसून. बायको कामाला जायची आणि हा भिंतीकडे तोंड करून बसायचा. पहिल्यांदा केंद्रात आला तेव्हा त्याने आमच्यापैकी कोणाकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

कार्यक्रम असा होता: हॉलमध्ये लाल गालिचा, त्यावर झुंबरने वीस पावलं जायचं, वीस परत यायचं, खुर्चीवर बसायचं आणि मयूरने पाठ करून घेतलेलं 'थँक यू' म्हणायचं. झुंबर वीस पावलं गेला. गालिचा संपला. समोर हॉलचं मागचं दार होतं, हवेसाठी उघडं ठेवलेलं. तो थांबला, बाहेर बघितलं, आणि मला विचारलं, "भाऊ, परत कशाला वळू? दार तर उघडं आहे."

आणि गेला!

मॅडम पुटपुटल्या, "जयवंत, थांबवा त्याला." मी धावलो खरा, पण दाजी, खोटं कशाला बोलू, मी फार जोरात धावलो नाही. समितीला वाटलं कार्यक्रमातच आहे, ते वह्या घेऊन मागे निघाले. पुढे झुंबर, मागे मी, माझ्या मागे मॅडम, मग समिती, सगळ्यात शेवटी खुर्ची घेतलेला मयूर. पार्किंग ओलांडलं, फाटक ओलांडलं, आणि झुंबर सरळ समोरच्या भाताच्या खाचराच्या बांधावर. तिथे तो घसरला. नकली पाय नडगीपर्यंत चिखलात.

 यंत्रावर तीस लाख वेळा चाललेलं पाऊल, पण यंत्राला चिखल कुठे होता? माझ्या डोळ्यांसमोर अठरावा मोजा आला. शेताची मालकीण पलीकडून ओरडली, "ए, भात तुडवू नको!" झुंबर म्हणाला, "चुकलं बाई. दोन वर्षांनी बांधावर चालतोय, सवय राहिली नाही." मग त्याने मांडीला हात लावला, दम धरला आणि ओढलं. पचाक असा आवाज झाला आणि पाऊल त्याच्यासोबत बाहेर आलं, पाचही बोटांसकट.

मी ओरडलो. मॅडम ओरडल्या. शेताची मालकीणही ओरडली, "आता बांधावरून तरी जा!" समितीतले एक वयस्कर साहेब उत्साहाने पुढे झाले आणि त्यांचा पाय त्याच चिखलात गेला. त्यांनी ओढला. पाय आला, बूट राहिला. नकली पाऊल बाहेर आणि खऱ्या पायाचा बूट आत! कोपरापर्यंत हात घालून तो मीच शोधून काढला. साहेब एका पायावर उभे राहून म्हणाले, यापुढे कुठलाही आकडा दाखवायची गरज नाही. ते पडू नयेत म्हणून त्यांना कोणी धरलं होतं माहीत आहे? झुंबरने.

एवढं झाल्यावर झुंबर बांधावर उकिडवा बसला आणि त्याने खाचरातल्या पाण्याने पाय धुतले. आधी खरा धुतला, मग नकली. त्याच्या बोटांच्या सांदीतला चिखलसुद्धा काडीने काढला. मयूरने खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर स्वतःच बसून रडला. थँक यू म्हणायचं राहूनच गेलं.

पुढचा टप्पा मंजूर झाला. पेपरात फोटो आलाय, सोबत पाठवतो. उजव्या कडेला जे कोपर दिसतंय ते माझं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि म्हशीला (असेल तर) चारा.

तुमचा,
जयवंत

ता. क. पुढच्या टप्प्याला बारा माणसं हवी आहेत, आणि त्यातलं कोणीतरी काळ्या मातीत राबणारं हवं, कारण ती इथल्या चिखलापेक्षा जास्त धरते. मॅडमनी असा कोणी माहीत आहे का विचारलं. मी कोणाचंच नाव सांगितलं नाही. (एकच सांगितलं.) दाजी, थ्रेशरच्या त्या दिवसानंतर पायाचा विषय काढायचा नाही, अशी तुमची ताकीद आहे. एवढं मोठं पत्र लिहिलं, तुमच्या पायाबद्दल एक अक्षर काढलं नाही, हे लक्षात घ्या. आता एकच ओळ लिहितो: अमळनेरहून गाडीत बसा, सुरतेला बदला, वापीला मी घ्यायला येतो.

ता. क. दुसरा. माप आलेलं आहे. तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा आक्काने शिवणाच्या टेपने घेतलं आणि मला कळवलं. तिला रागावू नका. तिने टेप उलटी धरली होती. त्या आकड्यांप्रमाणे तुमचा पाय सव्वा मीटर जाड निघतो, तेव्हा तुम्हाला स्वतः यावंच लागेल.